पाच वॉट पुरतील का?

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घ्यायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न पडतो तो व्हॉल्व्हचा. ३००बी घेऊ की ईएल८४? खरं तर हा प्रश्न तिसरा. पहिला मान घरात असलेल्या स्पीकरचा, दुसरा ते ज्या जागेत वाजणार त्या जागेचा. आणि घर मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या पट्ट्यात कुठेही असेल, तर खारा वारा आणि विजेचा दाब या दोघांनाही विचारूनच पुढे जावं लागतं. ज्यांना नुसत्या काचेतल्या लालसर उजेडाची हौस आहे त्यांनी तो खुशाल दिवा म्हणून घ्यावा, त्यात वाईट काही नाही. पण ऐकण्यासाठी घेणार असाल तर थोडा हिशेब करावा लागेल.

आधी, कमी वॉट म्हणजे किती ते पाहू. एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या, म्हणजे सिंगल एंडेड जातीच्या ॲम्पमध्ये ईएल८४ चार-पाच वॉट देतो. ६व्ही६ साधारण तेवढेच. २ए३ हा १९३३ सालचा ट्रायोड साडेतीन. ज्याच्या नुसत्या नावाने हौशी लोक डोळे मिटतात तो वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी आठ वॉटांच्या आसपास थांबतो. दोन व्हॉल्व्ह जोडीने राबवले, म्हणजे पुश-पुल केले, तर ईएल८४ची जोडी बारा ते पंधरा वॉट देते आणि ईएल३४ची जोडी तीस-पस्तीसपर्यंत जाते. होम थिएटरच्या खोक्यावर हजार वॉट छापलेले पाहायची सवय झालेल्याला साडेतीन ऐकून हसू येणारच. पण मर्फी, बुश, फिलिप्सच्या ज्या व्हॉल्व्हच्या रेडिओंवर दोन पिढ्यांनी बातम्या आणि भावगीतं ऐकली, त्यांच्या पोटात तीन-चार वॉटच होते, आणि शेजारच्या घरालाही ते पुरत. १९३०च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकने छोट्या थिएटरांसाठी ९१ए नावाचा ॲम्प काढला. त्यात पॉवर व्हॉल्व्ह एकच होता, ३००ए. तेवढ्या आठेक वॉटांवर बोलपट चालत.

मेख पडद्यामागच्या हॉर्नमध्ये होती. जत्रेतला भोंगा आठवा. पंचवीस-तीस वॉटांचा ॲम्प, वर झाडाला बांधलेले दोन भोंगे, आणि काकडआरती खाडीपलीकडच्या गावात ऐकू जाते. तेच वॉट घरातल्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरला दिले तर आवाज अंगणाच्या कुंपणापाशी दम टाकतो. विजेचा आवाज करण्याची कुवत स्पीकरागणिक इतकी बदलते, आणि ती कुवत स्पीकरच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेली असते. तिला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो तो आकडा.

या आकड्याची दोन सूत्रं पाठ करून ठेवा. वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. वॉट दहापट केले की दहा डेसिबल वाढतात, आणि कानाला तेव्हा कुठे आवाज दुपटीने मोठा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पाच वॉटांच्या ऐवजी आठ वॉटांचा ॲम्प आणला तर फरक पडतो जेमतेम दोन डेसिबलचा. याउलट ८८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९४चा आणला, तर त्याच पाच वॉटांनी वीस वॉटांचं काम होतं. माझं मत विचाराल तर पैसे मोजके असताना ३००बीच्या मागे धावणं हा उलटा व्यवहार आहे. साधा ईएल८४चा ॲम्प आणि जास्त डेसिबलचा स्पीकर ही जोडी स्वस्तात पडते आणि जास्त सुखाने वाजते.

आकडा वाचताना एक चलाखी ध्यानात ठेवा. पुष्कळ कंपन्या तो २.८३ व्होल्टवर देतात. स्पीकर आठ ओहमचा असेल तर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. पण स्पीकर चार ओहमचा असेल तर तेवढ्याच व्होल्टला तो दोन वॉट ओढतो, आणि छापलेल्या आकड्यात तीन डेसिबल फुकटचे जमा होतात. चार ओहमच्या स्पीकरवर ‘८९ डेसिबल, २.८३ व्होल्ट’ असं दिसलं तर मनातल्या मनात ८६ वाचा. काही कंपन्या खोलीतल्या भिंतींची मदतही आकड्यात धरतात. तिथे आणखी दोन-तीन कमी करायला हरकत नाही.

आता ओटीवर जाऊ. नागावच्या वाडीतलं जुनं घर घ्या: चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा. स्पीकर ८८ डेसिबलचे, भिंतीला लावून ठेवलेले, आणि ऐकणारा झोपाळ्यावर, तीन मीटरवर. पाच वॉट म्हणजे अधिक सात, एका मीटरवर ९५. मोकळ्या जागेत तीन मीटरपर्यंत नऊएक डेसिबल गळतात, उरले ८६. स्पीकर दोन आहेत, त्याचे तीन धरा. ८९. ही झाली वरची हद्द, तबल्याची थाप किंवा टिपेचा सूर तिथवर पोचणार. सरासरी आवाज त्याच्या बारा-पंधरा डेसिबल खाली, म्हणजे पंचाहत्तरीच्या आसपास. समोरासमोर बसून दोघं बोलतात तो आवाज साधारण साठ-पासष्ट असतो. तेव्हा ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेलं काहीही ऐकायला हे पुरतं. ढोल-ताशा किंवा बँजोवर चढवलेली कोळीगीतं लग्नघरासारखी ऐकायची असतील तर नाही पुरत, आणि तिथे व्हॉल्व्हचा दोषही नाही.

हेच स्पीकर दहा बाय बाराच्या स्लॅबच्या खोलीत ठेवले तर भिंती आवाज परत देतात, गळती नऊऐवजी पाच-सहावर येते, आणि पाच वॉट ऐसपैस होतात. पण स्लॅबच्या खोलीचं दुखणं वेगळं. खाली गुळगुळीत टाइल्स, वर काँक्रीट, समोर काचेचे सरकते दरवाजे: अलिबागच्या आसपासच्या कितीतरी नव्या बंगल्यांत हेच आहे. टाळी वाजवली की आवाज पत्र्याच्या डब्यात पडल्यासारखा झणझणतो. अशा खोलीत कुठलाही ॲम्प कर्कशच वाटणार. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट यांवर थोडा खर्च करून मग ॲम्पचा विचार करा. कौलारू घराला ही अडचण नसते. आवाज माळ्यावर जातो, कौलांच्या फटींतून निघून जातो. त्याच वाटेने खर्जही जातो, म्हणून कौलारू घरात स्पीकर भिंतीच्या जवळ, शक्य तर कोपऱ्याकडे सरकवावेत.

किती वॉट लागतील हे आजूबाजूच्या गोंगाटावरही ठरतं. छताचा पंखा जोरात असला की चाळीस-पन्नास डेसिबलची घरघर कायमची सोबत. समुद्र रस्त्यापलीकडे असेल तर भरतीची गाज त्यात भर घालते. या गोंगाटाच्या वर गाण्यातली हळुवार जागा आली पाहिजे, नाहीतर तानपुरा ऐकूच येत नाही. जानेवारीच्या रात्री पंखा बंद करून आक्षीला बसलात तर दोन वॉटही चैन वाटतील. जुलैत पडवीच्या पत्र्यावर सर कोसळू लागली की पन्नास वॉटांचाही उपयोग नाही. ॲम्प बंद करावा आणि चहा टाकावा.

ज्यांच्याकडे आज एखादा ट्रान्झिस्टरचा ॲम्प आणि स्पीकर आहेत त्यांनी आकडेमोड बाजूला ठेवून सरळ मोजून पाहावं. वीजमिस्त्रीकडे असतो तसला साधा मल्टिमीटर लागतो, आणि वजा १२ डेसिबल पातळीचा १२० हर्ट्झचा टोन, जो फोनवर उतरवून घेता येतो. रोजची गाणी लावा. तुम्ही कधीही ऐकाल त्यातला सगळ्यात मोठा आवाज ठेवा, घरातल्यांची बोलणी खाऊन का होईना. आता व्हॉल्यूमच्या बटणाला हात न लावता गाणं थांबवा, ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवा, पुन्हा चालू करून टोन वाजवा आणि ॲम्पच्या स्पीकर-टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. आलेल्या आकड्याला चारने गुणा, वर्ग करा, स्पीकरच्या ओहमने भागा. समजा १.२ व्होल्ट आले. चारपट ४.८, वर्ग २३, भागिले आठ: तीन वॉटांना किंचित कमी. तुम्हाला लागणारी जास्तीत जास्त शक्ती ती एवढीच. दोन व्होल्ट आले तर आठ वॉट लागतील, आणि ईएल८४चा एकटा व्हॉल्व्ह तुम्हाला कमी पडेल. हा प्रयोग करणारे बहुतेक जण आकडा पाहून दुसऱ्यांदा मोजतात, कारण इतका कमी असेल यावर विश्वास बसत नाही.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत समजा. वायरी सोडवून मोजायचं ते ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवायचा नाही. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुढे ओझं मिळालं नाही तर आतल्या बाजूला व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग किंवा व्हॉल्व्हचं सॉकेट जळतं. ट्रान्सफॉर्मर हाच या यंत्राचा सगळ्यात महाग अवयव.

मोजून झालं की निवड बरीचशी आपोआप होते. स्पीकर ९२-९३ डेसिबलच्या वर असतील तर तीन ते पाच वॉट, सिंगल एंडेड, बिनधास्त. ८८ ते ९१ असतील आणि खोली मध्यम असेल, तर ईएल८४ची पुश-पुल जोडी मला सगळ्यात शहाणी निवड वाटते: बारा-पंधरा वॉट, व्हॉल्व्ह स्वस्त, ट्रान्सफॉर्मर आटोपशीर. ८५च्या खाली असाल तर ईएल३४ची जोडी घ्या किंवा खुर्ची पुढे ओढा. बीबीसीने १९७०च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर अवघ्या ८३च्या आसपासचा आहे, तरी लहान खोलीत, दोन मीटरच्या आत बसून, मोजक्या वॉटांच्या व्हॉल्व्ह ॲम्पवर लोक त्यावर बायकांच्या आवाजातली गाणी जीव ओतून ऐकतात. कारण त्याचं ओहमचं मान चढं, आधी १५ आणि पुढे ११. व्हॉल्व्हला असं चढं मान मानवतं.

इथे ओहमचा मुद्दा येतो, आणि नवखे लोक नेमके इथेच घसरतात. स्पीकरवर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी तो आकडा एका जागी बसून राहत नाही. सूर बदलला की तो कुठे चारवर उतरतो, कुठे तीसवर चढतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला याची फिकीर नसते. पण फीडबॅक न वापरणाऱ्या सिंगल एंडेड ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा दोन-अडीच ओहम असू शकतो. अडीच ओहम धरून हिशेब केला तर स्पीकर चारवर असतानाच्या आणि तीसवर असतानाच्या आवाजात साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे गाण्याचा तोल ॲम्पने आपल्या मर्जीने बदलला. कधी तो गोड लागतो, खर्ज भरदार होतो. कधी डग्गा घुमत राहतो आणि बोट कुठे पडलं ते कळत नाही. म्हणून स्पीकरचा ‘किमान ओहम’ विचारा. सहाच्या खाली फारसा न उतरणारा, पुठ्ठ्याच्या हलक्या कोनाचा, साध्या क्रॉसओव्हरचा स्पीकर व्हॉल्व्हला सुखाचा. होम थिएटरच्या सेटमधले ते चार आणि सहा ओहमचे तळहाताएवढे डबे या कामाचे नव्हेत.

ॲम्पच्या मागे चार, आठ आणि कधी सोळा ओहमची वेगवेगळी टर्मिनल असतात. आठचा स्पीकर आठला जोडून ऐका, मग चारला जोडून ऐका. चारवर थोडी शक्ती कमी मिळते, पण खर्जाची पकड सुधारते. कानाला बरं वाटेल ते ठेवा. उलटं, म्हणजे चारचा स्पीकर सोळाला, जोडू नका.

‘व्हॉल्व्हचा एक वॉट ट्रान्झिस्टरच्या चार वॉटांइतका’ असं दुकानात हमखास ऐकायला मिळेल. वॉट तो वॉट. खरं आहे ते इतकंच, की शक्ती संपत आली की व्हॉल्व्ह हळूहळू चेपतो आणि ट्रान्झिस्टर खाडकन कापतो, त्यामुळे एखाद-दुसरी थाप हद्दीबाहेर गेली तरी व्हॉल्व्हवर ती टोचत नाही. दुसरं, आवाजात हवीशी वाटणारी जी ऊब आहे तिच्यातला काही भाग हा ॲम्पने स्वतः मिसळलेला असतो. ते पटत असेल तर घ्यावा, पण शुद्धतेच्या नावाखाली घेऊ नये.

आता किनाऱ्याची खास दुखणी. पहिली वीज. चीनहून येणारे बरेचसे ॲम्प २२० व्होल्टसाठी गुंडाळलेले असतात. आपल्याकडे कागदोपत्री २३०, आणि गावाच्या टोकाच्या डीपीवर मध्यरात्री २४५ सहज दिसतात. २२०च्या ट्रान्सफॉर्मरला २४५ दिले की व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला सात मिळतात. दहा टक्क्यांची सूट तिथेच ओलांडली, व्हॉल्व्हचं आयुष्य घटलं. मे महिन्यात संध्याकाळी सगळे पंप आणि एसी चालू झाले की तोच दाब २००च्या खाली येतो आणि आवाज मलूल होतो. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी मल्टिमीटरने दाब मोजून वहीत लिहा, मग विकणाऱ्याला विचारा: ट्रान्सफॉर्मरला २३० आणि २४०ची टोकं आहेत का? नसतील तर चांगला स्टॅबिलायझर घ्यावा लागेल आणि तो खर्च आधीच धरा. त्याच कारणाने इथे सेल्फ बायसचा ॲम्प बरा. दाब खालीवर झाला तर तो स्वतःला सावरून घेतो. फिक्स्ड बायसमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अधूनमधून आपणच सावरायचं असतं. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प फुकट मिळाला तरी वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, शिवाय ६० हर्ट्झसाठी केलेला मुख्य ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह जातीचा आहे ना, ते पाहा. चौकोनी लाट देणाऱ्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. वीज गेली की ॲम्पचं बटण बंद करायची सवय लावा. येताना पहिला झटका मोठा असतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ती एवढी टोकाची गोष्ट झाली, पण वळवाच्या पावसात आणि परतीच्या विजांत प्लग भिंतीतून काढून ठेवणं हे दरवर्षीचं काम आहे. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी पडत नसेल तर अर्थिंग नावालाच उरतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या आत अडीचशे ते साडेचारशे व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात. तळाची पट्टी उघडून आत बोट घालायचं काम जाणत्याचं.

जास्त डेसिबलच्या स्पीकरला एक त्रास असतो: ॲम्पची घूंऽऽ तो मोठ्याने ऐकवतो. मुंबईत रहदारीच्या आवाजात जी ऐकू येत नाही ती किहीमच्या शांततेत झोपू देत नाही. घेण्यापूर्वी व्हॉल्यूम शून्यावर आणून स्पीकरला कान लावा, मग बसायच्या जागी येऊन ऐका. बसल्या जागी ऐकू आली तर तो ॲम्प आणि तो स्पीकर यांचं लग्न लावू नका. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या टर्नटेबलच्या पिकअपमध्येही शिरतं, म्हणून दोघांत हातभर तरी अंतर हवं. विजेच्या अशा शेजाराचा उपद्रव अलिबागला नवा नाही. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून तर १९०४ साली चुंबकीय वेधशाळा इथे अलिबागला आली, आणि इमारतीत चुंबकाला ओढेल असं सामान वापरायचं टाळलं.

दुसरं दुखणं खार. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना खिडकीच्या गजांचं काय होतं ते माहीत आहे. तेच ॲम्पमध्ये व्हॉल्व्हच्या सॉकेटचं, पिनांचं आणि मागच्या जोडण्यांचं होतं. आवाजात खरखर आली, एक बाजू मधूनच गेली, की दहातल्या निम्म्या वेळा व्हॉल्व्ह मेलेला नसतो, पीन काळवंडलेली असते. ॲम्प बंद करून, थंड झाल्यावर, व्हॉल्व्ह तळाशी धरून हलकेच दोन-तीनदा काढ-घाल करावा, काँटॅक्ट क्लीनर मारावा. घेताना सिरॅमिकची सॉकेट, स्टेनलेस किंवा चांगली पावडर कोटिंग केलेली बैठक, आणि झाकलेले ट्रान्सफॉर्मर पाहा. उघड्या पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर दोन पावसाळ्यांत तांबूस होतो. स्पीकरची पेटी एमडीएफची असेल तर कडा फुगतात, प्लायवूडची टिकते. जुन्या वूफरच्या भोवतीची फोमची कड दहा-पंधरा वर्षांत भुगा होतेच, दमट हवेत लवकर. रबराची किंवा कापडाची कड पाहून घ्या.

गंमत म्हणजे या बाबतीत व्हॉल्व्ह जितका वापरात तितका बरा. रोज तासभर तापला की ओल सुकते. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यांत तो पाच दिवस दमट अंधारात पडून राहतो. अशांनी वर सुती कापड टाकावं, प्लास्टिक नको, आणि पावसाळ्यात शक्य तर माळ्याऐवजी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कोरड्या कपाटात ठेवावा. व्हॉल्व्हवर जाळीचा पिंजरा हवाच. लहान मुलांचे हात हे एक कारण, पाली हे दुसरं. उबेला त्या येतात, आणि आतल्या साडेतीनशे व्होल्टांपुढे त्यांचं आणि ॲम्पचं, दोघांचंही भलं होत नाही.

उष्णतेचाही विचार करा. पाच वॉट देणारा सिंगल एंडेड ॲम्प भिंतीतून साठ-सत्तर वॉट ओढतो, गाणं चालू असो की नसो. ३००बीचा त्याहून बराच जास्त. बाकी सगळी ऊब खोलीत. टीव्हीच्या युनिटमधल्या बंद कप्प्यात तो ठेवू नये. वर वीतभर तरी मोकळी हवा हवी. मे महिन्यातल्या दुपारी तुम्हालाच तो नकोसा होईल.

खरेदी कुठे करायची? ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे भडकमकर मार्ग, अजून सुटे भाग आणि व्हॉल्व्ह यांसाठी पहिला थांबा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी घरगुती रेडिओंसाठी भरपूर व्हॉल्व्ह बनवले, त्यांचा न वापरलेला साठा जुन्या दुकानांतून अजून निघतो. नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. देशात हाताने ॲम्प बांधणारे आहेत. दिल्लीच्या लिरिटाचं नाव त्यात घेतलं जातं, आणि कमी वॉटांना साजेसे जास्त डेसिबलचे स्पीकर कोचीचे रेथम बनवतात. जुना ॲम्प घेत असाल तर व्हॉल्व्हच्या काचेला आतून चिकटलेला चंदेरी डाग पाहा. आरशासारखा चमकत असेल तर ठीक. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘ट्यूब ॲम्प’पासून सावध. त्यातल्या पुष्कळांत दोन बारके व्हॉल्व्ह फक्त पुढच्या टप्प्याला असतात आणि स्पीकर ढकलण्याचं काम आतली चिप करते. काहींत तर काचेखाली नारिंगी एलईडी लावून उजेड पाडलेला असतो. ओळखायची सोपी खूण वजन. खऱ्या व्हॉल्व्हच्या स्टिरिओ ॲम्पला एक मुख्य आणि दोन आउटपुट असे तीन लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागतात, तो पाच वॉटांचा असला तरी सात-आठ किलोच्या आत बसणं कठीण. एका हाताने अलगद उचलला गेला आणि खोक्यावर पन्नास वॉट लिहिले असतील, तर तो वेगळा प्राणी आहे.

आजोबांचा मर्फी किंवा फिलिप्स माळ्यावर सापडला आणि त्यालाच फोन जोडून ॲम्प करायचा मोह झाला, तर थांबा. वीस-तीस वर्षं पडून असलेला सेट थेट प्लगमध्ये लावला की जुने कपॅसिटर फुटतात. मिस्त्रीला सिरीज लॅम्प लावून हळूहळू उठवू द्या. आणि ज्या सेटमध्ये ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात, यूएल८४ वगैरे, त्यांची लोखंडी बैठक थेट विजेच्या एका वायरला जोडलेली असू शकते, त्याला फोन जोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

ॲम्प ठरला की व्हॉल्व्ह काढून, कुठला कुठे बसत होता ते चिठ्ठीवर लिहून, वेगळे गुंडाळून आणा. बसवलेल्या अवस्थेत गाडीत टाकलात तर वडखळपर्यंतच्या खड्ड्यांत त्यांची परीक्षा होईल. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येणारी रो-रो त्यापेक्षा सोयीची. पॉवर व्हॉल्व्हचा एक जादा संच आणि माहितीपत्रकात दिलेल्या मापाचे फ्यूज पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण शनिवारी रात्री पाहुणे बसलेले असताना श्रीवर्धनच्या बाजारात ईएल८४ मिळत नाही. विकणाऱ्याकडून आठवडाभर घरी वाजवून पाहायची मुभा मागा. ती मिळाली तर तुमचे स्वतःचे स्पीकर, तुमची ओटी आणि तुम्ही रोज ऐकता तीच गाणी लावा. दुकानातली नमुन्याची रेकॉर्डिंग कुठल्याही ॲम्पवर छानच वाजतात.